खुलं वायफाय टर्मिनलवरून जोडणं म्हणजे शायनिंग? अजिबात नाही

बिनतारी:
परवा इथे 'चाफा' यांनी लिहिलं, "खुल्या वायफायला पासवर्डसुद्धा नसतो. एका क्लिकचं काम. त्यासाठी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून कमांडी मारणं ही निव्वळ शायनिंग. अशानेच नवी मुलं लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून पळतात." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

गेल्या पावसाळ्यात कोकणातून येताना एसटी घाटाच्या अलीकडे अडकली. समोरच्या खानावळीत खुलं वायफाय. माझ्या लॅपटॉपवर आदल्या रात्री अपडेट अर्धवट राहिलेलं, त्यामुळे डेस्कटॉप उठेचना. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. क्लिक कुठे करू? कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून लॉगिन केलं आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ही आसपासची नेटवर्क दाखवणारी कमांड दिली. सिक्युरिटीच्या रकान्यात ज्याच्यापुढे नुसत्या दोन आडव्या रेघा, ते खुलं. मग 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय कनेक्ट' आणि पुढे नेटवर्कचं नाव. झालं. राहिलेलं अपडेट पुरं केलं, डेस्कटॉप परत आला. शायनिंग दाखवायची तरी कोणाला तिथे?

दुसरं म्हणजे, आयकॉनला सगळी दुखणी सारखीच. राउटर भेटला पण आयपी (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला नाही, किंवा आयपी मिळाला पण डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बंद, तो आपला गोल गोल फिरतो. नुसती 'आयडब्ल्यू' ही दुसरी साधी वायफायची कमांड वापरून जोडलं तर आयपी वेगळा मागावा लागतो. एकदा हे हाताने केलं की गाडी कुठे अडते ते जन्मभर कळतं.

चाफा:
अर्धंच वाक्य उचललंत. पुढे मी स्पष्ट लिहिलं होतं की नवख्यांना खुल्या नेटवर्कला जोडायला शिकवूच नये, क्लिकने नाही आणि कमांडनेही नाही. चौदा वर्षं कराडला क्लास घेते. माझ्या एका विद्यार्थिनीने कॉलेजच्याच नावाचं दिसणारं नेटवर्क पकडलं. पान हुबेहूब कॉलेजचं, त्यात तिने ईमेलचा पासवर्ड टाकला. नंतर तीन दिवस ती पोर माझ्याकडे बसून रडत होती. तुमच्या त्या दोन आडव्या रेघांनी तिला काय सांगितलं असतं? २०१० साली फायरशीप आलं तेव्हा ब्राउझरला ते एक्स्टेन्शन लावून त्याच खुल्या वायफायवरच्या शेजारच्याचं फेसबुक उघडता येत होतं, हे विसरलात की माहीतच नाही?

घाटमाथा:
फायरशीपच्या वेळी लॉगिननंतर साइट साध्या, म्हणजे कोणालाही वाचता येणाऱ्या, एचटीटीपीवर यायच्या. आता बहुतेक सगळं एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक करून झाकलेलं, आहे, तो दाखला शिळा झाला. खोट्या पानाचा धोका मात्र खरा.

पण बिनतारी, तुमच्या खानावळीत लॉगिनचं पानच नव्हतं, म्हणून निभावलं. बाकी ठिकाणी जोडणं सोपं, खरं भांडण त्यानंतर. साध्या एचटीटीपी पत्त्यावर 'कर्ल' (पान मागवायची कमांड) मारलं की ३०२, म्हणजे 'दुसरीकडे जा', असं उत्तर येतं आणि 'लोकेशन'मध्ये लॉगिनच्या पानाचा भलताच पत्ता. तो 'डब्ल्यूथ्रीएम' या टर्मिनलमधल्या अक्षरी ब्राउझरमध्ये उघडला तर 'जावास्क्रिप्ट चालू करा', आणि खाली रिकामं पान. मी एका स्टेशनवर चाळीस मिनिटं झगडलो आणि शेवटी फोनवरून काम केलं. वर तो ओटीपी! मोफत म्हणायचं आणि मोबाइल नंबर वसूल करायचा.

विहीर:
ओटीपीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मी म्युनिकला असते. आई आजारी पडली तेव्हा तातडीने आले, भारतातलं सिम कधीच बंद झालेलं. मध्यरात्री स्टेशनवर वायफायचे पाच दांडे दिसताहेत आणि भावाला 'पोचले' एवढं कळवता येत नाही. शेवटी एका हमालकाकांनी स्वतःचा फोन दिला. ज्याच्याकडे चालू फोन आहे त्यालाच मोफत इंटरनेट, हा कुठला न्याय?

जुनापाणी:
न्यायाचं नंतर, आधी कारण ऐका. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा मेल गेला. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या खुल्या वायफायवरून गेला होता. त्या माणसाला काही पत्ताच नाही, पण पोलीस त्याच्या दारात. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना सूचना काढल्या, की वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. तुमचा ओटीपी तिथून आला. मी तेव्हा वाशीला राहायचो. सोसायटीत घरोघरी जाऊन राउटरना पासवर्ड लावून दिले आहेत मी.

घाटमाथा:
म्हणून काय दर वेळी कोट्यवधी लोकांनी नंबर द्यायचा? गुन्हेगार दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरतो. पकडला जातो तो साधा माणूस, जाहिरातींच्या मेसेजमध्ये.

जुनापाणी:
तुमच्या घरातून तसा मेल गेला असता तर हेच बोलला असतात का? तेव्हा दिवसाआड बॉम्बच्या बातम्या असायच्या. जाहिरातींचा त्रास आणि तो त्रास एका तराजूत घालू नका.

विहीर:
घालत नाही, दादा. ओळख पटवायला माझी हरकत नाही. पासपोर्टचा नंबर घ्या, तिकिटाचा पीएनआर घ्या. भारतीय मोबाइल नंबर हा एकच दरवाजा का, एवढंच विचारते आहे.

जुनापाणी:
पीएनआरचं पटतंय. रेल्वेकडे तो आधीपासून असतोच. पण ओळख नकोच म्हणाल तर माझा विरोध कायम.

बिनतारी:
मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेच्या रेलटेल कंपनीने आणि गूगलने वायफाय सुरू केलं, त्याच आठवड्यात मी मुद्दाम लॅपटॉप घेऊन गेलो होतो. तेव्हाही ओटीपी होताच, त्यामुळे विहीर यांचं म्हणणं कळतंय. पण धागा कमांड लाइनचा आहे हो.

घाटमाथा, तुमचं पान जावास्क्रिप्टमुळेच अडलं असेल, तर माझ्याकडेही उपाय नाही, हे मान्य. पण पान मुळात उघडतच नसेल तर आधी 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' बघा, कोणता डीएनएस वापरायचा ते त्या फाइलमध्ये असतं. मी तिथे हाताने १.१.१.१ हा बाहेरचा डीएनएस लिहून ठेवला होता. बऱ्याच ठिकाणी लॉगिन होईपर्यंत बाहेरचा डीएनएस अडवतात, त्यामुळे त्यांचं पान मला महिनाभर कुठेच दिसलं नाही आणि मी राउटरला शिव्या देत होतो. आणखी एक. मॅक पत्ता (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक) दर जोडणीला बदलायची सेटिंग चालू असेल तर बहुतेक ठिकाणी तुम्ही नवीन माणूस ठरता आणि पुन्हा ओटीपी.

चाफा:
म्हणजे 'एक कमांड आणि झालं' नव्हतंच ना? बरं, डेस्कटॉप मेलेला असेल तेव्हा टर्मिनल हवंच, तेवढं मागे घेते. 'शायनिंग' शब्दही मागे. पण त्या मुलीबद्दल विचारलं त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

बिनतारी:
दोन आडव्या रेघांनी तिला वाचवलं नसतं. हे माझ्याकडून राहिलं होतं. कमांड दिली की ते नेटवर्क जतन होतं आणि पुढच्या वेळी त्या नावाचं काहीही दिसलं की लॅपटॉप आपणहून जाऊन चिकटतो. म्हणून काम झाल्यावर 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' आणि नाव, किंवा 'ऑटोकनेक्ट नो'. पासवर्डशिवायही एन्क्रिप्शन देणारं, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारं, 'एन्हान्स्ड ओपन' वायफाय २०१८ पासून आहे, पण समोरचा राउटर खरा कोणाचा हे तेही सांगत नाही.

चाफा:
मग डिलीटची कमांड पहिल्या पोस्टमध्येच, जोडायच्या कमांडीच्या लगेच खाली टाका. मुलं पहिली पोस्ट वाचतात आणि निघून जातात. टाकलीत की सोमवारच्या बॅचला तीच दाखवते.

बिनतारी:
टाकतो. आज रात्रीच.