शिशाचा गोळा, सुईतोंड्या मासा आणि हेराची छत्री : "असं कुठे असतं का?"

गरवणारा_ठाणेकर

दिवाळीत देवगडला गेलो होतो. संध्याकाळी मी आणि माझा मावसभाऊ जेट्टीवर गरवायला बसलो. त्याची गरी खडकात अडकली. कापून टाक म्हटलं तर ऐकेना. पाय रोवून मागे ओढत राहिला. एकदम गरी सुटली आणि दोऱ्याला वजन म्हणून बांधलेलं शिसं माझ्या कानाजवळून असं काही सूं करत गेलं की आम्ही दोघंही खाली बसलो. मागे उभ्या असलेल्या स्कूटरची हेडलाइट फुटली. चार बोटं इकडे आलं असतं तर हा धागा दुसऱ्या कुणीतरी काढला असता, श्रद्धांजली विभागात.

रात्री घरी सगळे एक हेरमालिका बघत होते. त्यातला नायक मासे पकडायच्या काठीने पहारेकऱ्याला लोळवतो. मामा लगेच म्हणाले, "काहीही दाखवतात! असं कुठे असतं का?" मी कान चोळत गप्प बसलो.

तेव्हापासून डोक्यात आहे ते इथे मांडतो. हेरकथेतली शस्त्रं बघून आपण "काहीही" म्हणतो, पण समुद्रावर त्याहून विचित्र गोष्टी खरोखर घडल्या आहेत. 1977 साली हवाईतल्या कवाई बेटावर वडिलांबरोबर रात्री मासेमारीला गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून नीडलफिशची चोच थेट मेंदूत गेली. नीडलफिश म्हणजे लांब, सुईसारख्या तोंडाचा मासा. 2007 मध्ये व्हिएतनामच्या हालाँग उपसागरात सोळा वर्षांच्या मुलाच्या छातीत असाच मासा घुसला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी कारवारजवळ माजाळीचा 24 वर्षांचा मच्छीमार पोटात असाच मासा घुसून दगावला. 2015 मध्ये हवाईतच एक बोटीचा कप्तान भाल्याची बंदूक घेऊन तलवार माशामागे पाण्यात उतरला, तर माशानेच त्याच्या छातीत तलवार खुपसली.

यातलं एकही दृश्य पटकथेत लिहून दिलं तर निर्माता कागद परत करेल. मग छत्रीतून विष टोचणारा खलनायक दिसला की आपण का हसतो? "घडू शकत नाही" म्हणायचा आपल्याला हक्क आहे का?

---

तिरकी_त्रिज्या

असहमत. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका टोपलीत भरल्या आहेत.

आधी तुमचं शिसं. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के ताणला जातो. वीस मीटर दोरा सोडला असेल आणि भाऊ दहा किलोच्या जोराने ओढत असेल, तर दोरा चार-पाच मीटर ताणून त्यात अडीचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. तिचा जेमतेम चौथा हिस्सा साठ ग्रॅमच्या शिशाला मिळाला तरी वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडू, तोही शिशाचा, आणि तुम्हाला हेल्मेट नाही. हे कागदावरचं गणित आहे, पाण्याचा आणि हवेचा विरोध धरला तर आकडा खाली येईल. तरी कपाळ फुटायला पुरेसा उरतो. तेव्हा तुम्ही वाचलात हे खरंच नशीब.

पण हे शिसं जातं कुठे? ताणलेल्या दोऱ्याच्या रेषेत, म्हणजे ओढणाऱ्याकडे. नेम पक्का आहे, फक्त तो मारणाऱ्याच्याच डोक्यावर आहे. मालिकेतल्या नायकाने ही काठी वापरली असती तर पहारेकऱ्याने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं असतं.

शस्त्र त्याला म्हणायचं जे हवं तेव्हा, हव्या माणसावर, दर वेळी चालतं. अपघात लाखात एकदा होतो आणि आपण ते एकदाच ऐकतो. बाकीच्या रात्री मासा उडी मारतो आणि पाण्यात पडतो, त्याची बातमी होत नाही. "घडलं" आणि "घडवता येतं" यात समुद्राएवढं अंतर आहे.

---

निशाचर

त्रिज्याभाऊ, गणित आवडलं, पण तुम्ही हरलेली बाजू लढवताय. छत्री खरीच होती! 7 सप्टेंबर 1978, लंडन, वॉटर्लू पूल. बल्गेरियातून परागंदा झालेला लेखक गेऑर्गी मार्कोव्ह बसची वाट बघत उभा होता. मांडीत मागून काहीतरी टोचलं. वळून बघतो तर एक माणूस पडलेली छत्री उचलतोय. "सॉरी" म्हणून तो टॅक्सीत बसून गेला. चार दिवसांनी मार्कोव्ह वारला. मांडीतून टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी निघाली, तिला आरपार बारीक भोकं पाडलेली होती.

लिपस्टिकचं पिस्तूलही खरंच. केजीबीचं म्हणजे सोव्हिएत गुप्तचर खात्याचं, 4.5 मिलिमीटरचं, एकच गोळी. वॉशिंग्टनच्या हेरगिरी संग्रहालयात ठेवलंय. आता बोला.

---

एरंडेल

छत्रीचा विषय निघालाच आहे तर मला लिहायलाच हवं, न्यायवैद्यकात आयुष्य गेलंय. (सदस्यनाम त्याच नादात घेतलं होतं, मागे कुणीतरी विचारलं होतं म्हणून सांगते.)

त्या गोळीत रायसिन नावाचं विष होतं असा निष्कर्ष निघाला. रायसिन एरंडाच्या बीत असतं. आपल्या आज्या पोट साफ करायला पाजायच्या त्या तेलात ते उतरत नाही, कारण ते तेलात विरघळत नाही, पेंडीत राहतं. एरंड पिकवण्यात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला बहुतेक गुजरातचा.

पण निशाचर, तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितलीत. मार्कोव्हच्या शरीरात विष थेट सापडलंच नाही. पोर्टन डाउन या ब्रिटिश लष्करी प्रयोगशाळेत डुकराला रायसिन टोचून लक्षणं जुळवून बघावी लागली. छत्रीचं म्हणाल तर ते शस्त्र कधीच हाती लागलं नाही. टोचायचं यंत्र वेगळंच असेल आणि छत्री केवळ लक्ष वळवायला पाडली असेल, असं मानणारे जाणकार आहेत. जगातलं सर्वांत प्रसिद्ध हेरशस्त्र, आणि ते नक्की काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी पॅरिसच्या मेट्रोत व्लादिमीर कोस्तोव्ह या दुसऱ्या बल्गेरियन परागंदावर तशीच गोळी मारली होती. त्याने जाड स्वेटर घातला होता. गोळी पाठीच्या चरबीत अडकली, विष पुरतं बाहेर पडलं नाही, ताप आला आणि माणूस जगला. मार्कोव्हची बातमी ऐकल्यावर त्याने एक्स-रे काढला तेव्हा कुठे गोळी सापडली.

म्हणजे एवढ्या मोठ्या हेरयंत्रणेचं एवढं नाजूक शस्त्र, एकाच्या मांडीत लागलं आणि दुसऱ्याच्या वेळी लोकरीने हरवलं. त्रिज्या यांचा "दर वेळी चालतं" हा निकष लावला तर हे शस्त्र नापास. आणि तरी एक माणूस मेलाच. त्यामुळे मला तुमच्या दोघांचंही पूर्ण पटत नाही.

---

समुद्रकाका_मालवण

चर्चा वाचली. मी मालवणचा, होडीवर चाळीस वर्षं काढली. नीडलफिशला इंग्रजी नाव देऊन तुम्ही त्याला फार मोठा केलात. आमच्या जाळ्यात तो नेहमी येतो, काटे हिरवे निघतात म्हणून पाहुणे घाबरतात. खायला बरा.

तो माणसाला मारायला येत नाही. उजेडाला येतो. रात्री बत्ती लावली की बारीक मासळी जमते, तिच्यामागे हा पाण्याच्या अगदी वरच्या थरात धावतो आणि होडी आडवी आली की उडी मारून पलीकडे जातो. मध्ये माणूस असला तर माणूस. म्हणून आमचे म्हातारे बत्तीच्या आणि पाण्याच्या मध्ये तोंड आणू नये म्हणायचे. एलईडी लावून मासेमारी करायला 2017 पासून बंदी आहे ती वेगळ्या कारणाने, मासळी संपते म्हणून. पण ती कोण पाळतो तो वेगळा धागा होईल, इथे नको.

पाकटाचं (इंग्रजीत स्टिंगरे) म्हणाल तर त्याची नांगी पायात गेलेले खलाशी मी किती बघितलेत. दोन दिवस बोंबलतो माणूस, पण मरत नाही. 2006 ला ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या त्या मगरवाल्या स्टीव्ह आयर्विनला छातीत लागली आणि तो गेला. पायात लागली तर गजाल, छातीत लागली तर बातमी. काटा तोच.

---

गरवणारा_ठाणेकर

काका, "काटा तोच" हे फार आवडलं.

त्रिज्या, लाखात एकदा हे मान्य. पण वाचक म्हणून मला कथेत तो लाखातला एकच दिवस हवा असतो ना? 2017 मध्ये इंग्लंडमधल्या बोर्नमथजवळच्या एका धक्क्यावर एका गड्याने नुकताच पकडलेला लेप (आपल्या लेपाचाच तिकडचा भाऊ, जेमतेम 14 सेंटिमीटरचा) लाडाने तोंडाजवळ नेला. मासा सुळकन घशात. गड्याचं हृदय बंद पडलं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने चिमट्याने मासा बाहेर काढला आणि गडी जगला. हे मी कथेत लिहिलं असतं तर तुम्ही मला हाकललं असतं.

---

तिरकी_त्रिज्या

हाकललं नसतं, पण खलनायकाने तो लेप *मुद्दाम* घशात सोडला असं लिहिलं असतंत तर नक्की हाकललं असतं. माझा मुद्दा एवढाच आहे. अपघात म्हणून लिहा, मी रडेन. युक्ती म्हणून लिहा, मी हसेन.

आणि हे मी एकटा म्हणत नाही, खुद्द सीआयए, अमेरिकेचं गुप्तचर खातं, म्हणून गेलीय. क्यूबाच्या कॅस्ट्रोला पाण्याखाली पोहायची, मासे मारायची हौस होती. 1963 च्या सुमारास तिथल्या डेस्मंड फिट्झजेराल्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की समुद्रतळाशी एक सुंदर शंख ठेवावा, आत स्फोटकं भरावीत, कॅस्ट्रो कुतूहलाने उचलायला गेला की धडाम. त्यासाठी त्याने कॅरिबियन शंख-शिंपल्यांवरची दोन पुस्तकं विकत आणली. निष्कर्ष काय निघाला? लक्ष वेधून घेईल इतका देखणा आणि पुरेशी स्फोटकं मावतील इतका मोठा शंख त्या भागात मिळतच नाही. आणि तो ठेवायला जी छोटी पाणबुडी लागली असती तिचा पल्ला अपुरा. शंख बाद. दुसरा बेत होता बुरशी आणि क्षयाचे जंतू लावलेला पाणबुड्याचा पोशाख भेट द्यायचा, तोही बारगळला. पटकथाकाराला हे अडथळे नसतात. त्याचा शंख नेहमी योग्य मापाचा निघतो.

खरं पाण्याखालचं शस्त्र कसं असतं तेही बघा. साधी गोळी पाण्यात काही फुटांवर मरते. म्हणून सोव्हिएत तंत्रज्ञांनी एसपीपी-1 हे चार नळ्यांचं पिस्तूल बनवलं, त्यात गोळीऐवजी साडेअकरा सेंटिमीटर लांबीची बारीक सुई. पाच मीटर खोलीवर पल्ला सतरा मीटर, चाळीस मीटर खोलीवर जेमतेम सहा. सिनेमात मात्र पाण्याखाली रायफली झाडतात आणि बुडबुड्यांच्या रेषा थेट छातीपर्यंत जातात.

---

निशाचर

तुमच्याच उदाहरणाने तुम्ही अडकलात. साडेअकरा सेंटिमीटरची बारीक सुई, पाणी कापत जाणारी! हा नीडलफिशच झाला की. 1967 मध्ये अमेरिकेची *अल्विन* पाणबुडी सहाशे मीटर खोल गेली असताना तलवार माशाने तिच्यावर झडप घातली आणि त्याची तलवार सांध्यात अडकून बसली. मासा पाणबुडीबरोबरच वर आला, लोकांनी शिजवून खाल्ला. सहाशे मीटरवर तुमचं पिस्तूल चालतं का?

आणि सीआयएने नव्वदच्या दशकात "चार्ली" नावाचा यंत्रमासा बनवला होता, हुबेहूब शिंगाळा, पाण्याचे नमुने गुपचूप गोळा करायला. कल्पनेतलं आणि खरं यातली भिंत तुम्ही सांगता तेवढी जाड नाही.

---

एरंडेल

चार्ली पाण्याचे नमुने आणायला होता हो, कुणाला चावायला नाही. खरी हेरगिरी बहुतेक अशीच असते, कंटाळवाणी.

पण मासे आणि हेर यांचा जो धागा मला खरोखर अस्वस्थ करतो तो अजून कुणी काढला नाही. सॅक्सिटॉक्सिन. समुद्रातल्या काही सूक्ष्म शैवालांत हे विष तयार होतं, शिंपले ते शैवाल खातात, आपण शिंपले खातो. ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग श्वासाचे स्नायू. जगभरच्या किनाऱ्यांवर तिसऱ्या-कालवांसारख्या साध्या जेवणातून माणसं अशी गेली आहेत. अपघातच, आणि तोही ताटातला.

हेच विष सीआयएने अलास्काच्या शिंपल्यांतून काढवून घेतलं. 1960 मध्ये अमेरिकन वैमानिक गॅरी पॉवर्सचं यू-2 हे हेरविमान सोव्हिएत संघावर पाडलं गेलं तेव्हा त्याच्याजवळच्या चांदीच्या डॉलरमध्ये लपवलेल्या सुईला असंच विष होतं, पकडला गेलास तर टोचून घे म्हणून. त्याने टोचून घेतलं नाही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी असली विषं नष्ट करायचा हुकूम काढला, तरी सुमारे अकरा ग्रॅम शिंपल्यांचं विष त्यांच्याकडे राहिलंच. सप्टेंबर 1975 मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीत समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च यांनी विषारी बाण मारणारं पिस्तूल हातात धरून कॅमेऱ्यांना दाखवलं. विजेवर चालणारं, वर दुर्बीण, पल्ला शंभरेक मीटर. ते माणसावर वापरल्याचं सिद्ध झालेलं नाही.

त्रिज्या, तुमचं "घडलं" आणि "घडवता येतं" हे अंतर इथे कुणीतरी प्रयोगशाळेत बसून, ग्रॅम-ग्रॅम मोजून कमी करत होतं. शंखात जमलं नाही, शिंपल्यात जमलं.

---

तिरकी_त्रिज्या

शिंपल्यांवर निरुत्तर. तरी एक नोंदवतो. त्यांनी विष वेगळं काढलं, मोजलं, बाणाला लावलं, म्हणजे अपघातातला योगायोग काढून टाकला. मासा तोंडाला लागावा म्हणून ते जेट्टीवर बसले नाहीत. मालिकेतला तो काठीवाला नायक मला अजूनही मान्य नाही.

---

गरवणारा_ठाणेकर

मामांना शिंपल्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "हे मात्र खरं वाटतं." का, तर म्हणे त्यात नायक नाही.

---

समुद्रकाका_मालवण

सगळं बोललात, पण मूळ गोष्ट कुणी विचारली नाही. देवगडच्या त्या खडकाळ जागेत शिसं किती ग्रॅमचं लावलं होतंत? त्रिज्याने साठ धरलंय. साठचं असेल तर अडकणारच. तीसचं लाव, आणि शिसं बांधायला मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा तुकडा वापर. अडकलं तर तोच तुटतो, शिसं खाली राहतं. आणि भावाला सांग, ओढायचं असेल तर काठी बाजूला ठेव, दोरा कापडात गुंडाळ आणि पाठ करून चालत जा.

---

गरवणारा_ठाणेकर

ऐंशीचं होतं, काका.