मदत हवी आहे: रात्री डॉक्टर नसताना सिस्टरने ट्रामाडॉलची (जोरदार वेदनाशामक) स्ट्रिप घरी द्यावी का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर) आहे. होटगी रोडकडच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते. अकरानंतर डॉक्टर घरी असतात, लागलं तर फोन. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.

यंत्रमागात बोट सापडलेला नाहीतर गाडीवरून घसरलेला कोणी आला की डॉक्टर फोनवर म्हणतात, "ट्रामाडॉलचं इंजेक्शन दे, एक स्ट्रिप घरी दे, सकाळी बघू." इंजेक्शनचं मला काही वाटत नाही. स्ट्रिप देताना मात्र हात कचरतो. चिठ्ठी नाही, केसपेपरवर सही नाही, वहीत अक्षर फक्त माझं. आता तर काहीजण तेवढ्यासाठीच येतात: "सिस्टर, परवाची ती कॅप्सूल द्या की ओ." अल्प्राझोलम या चिंता-झोपेच्या गोळीचंही तेच.

मावसबहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती म्हणते, तिकडे पेशंट ग्रुप डायरेक्शनवर सिस्टर चिठ्ठीशिवाय मॉर्फीनसुद्धा देते. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर उद्या तपासणी आली की अडकणार कोण? डॉक्टरांना विचारलं तर "एवढं काय घाबरतेस!"

प्रतिसाद १
सगळीकडे असंच चालतं ताई. टेन्शन घेऊ नका.

प्रतिसाद २
वरच्या दादांचं ऐकू नका. तपासणीच्या दिवशी ते येणार नाहीत. माझं मेडिकल आहे, हे रोजचंच आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, अल्प्राझोलम त्याआधीपासून. दोन्ही शेड्यूल एच-वनमध्येही (चिठ्ठीवरच, नोंद ठेवून द्यायच्या औषधांची यादी) येतात. मी दुकानातून ही औषधं चिठ्ठीवरच देतो. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहितो, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. तुमच्या वहीशी ताडून बघा.

डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची मुभा आहे. पण ती डॉक्टरची मुभा, कपाटाच्या किल्लीबरोबर तुमच्याकडे येत नाही. फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. त्यातून पेशंट डॉक्टरने पाहिलेलाच नाही! मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये एनडीपीएसखालची औषधं फोनवरच्या सल्ल्याने लिहून द्यायला बंदी आहे, मग सल्ला सिस्टरमार्फत घेतलेला असला तरी. त्यामुळे "व्हॉट्सॲपवर चिठ्ठी टाकतो" हीही पळवाट नाही.

बहिणीचं खरं आहे, पण अर्धं. तिकडचं ते डायरेक्शन म्हणजे सिस्टरची मर्जी नव्हे. कोणत्या त्रासाला कोणतं औषध, किती मात्रेत, कोणाला द्यायचं नाही, हे सगळं आधीच कागदावर असतं. त्यावर डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांच्या सह्या, आणि अधिकार दिलेल्या प्रत्येक सिस्टरचं नाव. मॉर्फीनची परवानगी आजारी किंवा जखमी माणसाच्या तातडीच्या उपचारापुरती. आणि गंमत म्हणजे ट्रामाडॉल त्यात बसतच नाही. आपल्याकडे खाजगी दवाखान्यातल्या सिस्टरला असा कागद मिळायची सोयच नाही.

अडकण्याचं म्हणाल तर दोघंही अडकू शकता. फरक एवढाच की डॉक्टर "मी सांगितलंच नव्हतं" म्हणाले तर तुमच्या हातात काही नाही.

धागाकर्ती
खूप आभार दादा. म्हणजे भरती पेशंटला इंजेक्शन देणं चालेल, स्ट्रिप नाही, असंच ना? आणि डॉक्टरांना हे कसं सांगू? नोकरीचाही प्रश्न आहे.

प्रतिसाद २
भरती पेशंटला डॉक्टरच्या आदेशावर डोस देणं हे तुमचं कामच आहे. तरी फोन ठेवल्याबरोबर केसपेपरवर वेळ, औषध, मात्रा आणि "फोनवरून आदेश" लिहा, सकाळी पहिली सही त्यावर घ्या. डॉक्टरांना कायदा ऐकवू नका, बिघडेल. "सर, घरी द्यायच्या ट्रामाडॉल-अल्प्राझोलमच्या स्ट्रिप तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, रात्री लोक मागायला येतात, हिशेब जुळत नाही" एवढंच म्हणा. हिशेबाचं नाव काढलं की ऐकतात.