मदत हवी आहे: न बोलणाऱ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण सुरू झाले की नाही, हे अंध व्यक्तीने कसे ओळखावे?

गोदातीर
वसंत व्याख्यानमाला तोंडावर आली आहे आणि रेकॉर्डर वापरणे अजून मला जमलेले नाही. मी मुद्रणाचे बटण दाबतो, हेडफोनमधून समोरचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण घरी आल्यावर कार्डावर कधी व्याख्यान असते, तर कधी काहीच नसते. यंत्र बोलत नाही आणि बीपही देत नाही. नेमका उपाय सांगावा. ‘कुणाला तरी सोबत न्या’ हे उत्तर नको.

सिडकोवासी
मॉडेल कोणते, हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? शिवाय आपल्याला अंधूक दिसते की अजिबात दिसत नाही?

गोदातीर
अजिबात दिसत नाही. रेकॉर्डर भाच्याने वापरून मला दिला आहे, खोका आणि माहितीपुस्तिका नाही, आणि नाव गुळगुळीत छापलेले असल्यामुळे बोटांना लागत नाही.

निफाडकर
एवढा खटाटोप कशासाठी? फोनवर टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) सुरू ठेवून मुद्रण करावे; प्रत्येक बटण बोलते.

गोदातीर
ते बोलणे मुद्रणातही उतरते, आणि ऐन रंगात आलेल्या भाषणात फोन वाजतो. प्रश्न रेकॉर्डरचा आहे.

निफाडकर
विमान मोड आणि इयरफोन वापरले की दोन्ही तक्रारी मिटतात. लोकांना साधी गोष्ट पटत नाही.

देवळालीचा_तबलजी
मीही अंध आहे आणि मैफलींचे मुद्रण करतो, म्हणून सविस्तर लिहितो. टास्कॅम डीआर-०५ आणि झूम एच४एन यांसारख्या यंत्रांत मुद्रणाचे बटण पहिल्यांदा दाबले की यंत्र केवळ तयारीत उभे राहते, म्हणजे आवाजाची पातळी जुळवता यावी म्हणून माइक सुरू होतो. प्रत्यक्ष मुद्रण दुसऱ्यांदा दाबल्यावरच सुरू होते. डोळसाला लुकलुकणारा आणि स्थिर असे लाल दिव्याचे दोन प्रकार दिसतात, पण आपल्याला हेडफोनमध्ये दोन्ही वेळा सारखेच ऐकू येते. त्यामुळे हेडफोनमधला आवाज हा मुद्रणाचा पुरावा मानू नये. उलट झूमच्या जुन्या एच१ मध्ये एकाच दाबाने मुद्रण सुरू होते, म्हणून आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे आधी ठरवावे लागेल.

त्यासाठी कार्ड संगणकाला लावून एनव्हीडीएने (संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) फोल्डरांची नावे वाचून घ्या. ‘म्युझिक’ आणि ‘युटिलिटी’ अशी नावे आली तर टास्कॅमची डीआर मालिका असण्याचा संभव जास्त. ‘स्टिरिओ’ आले तर झूम. मग घरीच चाचणी घ्या: थांबवण्याचे बटण दाबा, मुद्रणाचे बटण एकदाच दाबून ‘एक दाब’ असे म्हणा, थांबवा. नंतर दोनदा दाबून ‘दोन दाब’ म्हणा, थांबवा, आणि वाजवा. जे शब्द परत ऐकू येतील, तीच आपल्या यंत्राची रीत. कार्यक्रमाच्या ठिकाणीही सुरुवात नेहमी थांबवण्याच्या बटणापासून करावी, म्हणजे यंत्र कोणत्या अवस्थेत आहे याबद्दल शंका राहत नाही.

पंचवटी_पार
याहून सोपे आहे. आयफोनवरच्या सीइंग एआय या अंधांसाठीच्या ॲपमध्ये उजेडानुसार स्वर चढतो-उतरतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा लाल दिव्यासमोर धरल्यास लुकलुकणे ऐकू येते.

देवळालीचा_तबलजी
खोलीत ठीक आहे, पण गोदाघाटावरच्या पटांगणात भोवताली एवढे दिवे असताना एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात रेकॉर्डर धरून वक्त्याला थांबवणार का?

पंचवटी_पार
घरी खात्री करून घेण्यासाठी सुचवले होते. सर्वांनी तबलजींचीच रीत पाळावी, असा नियम नाही.

अशोकस्तंभ
व्हिक्टर रीडर स्ट्रीम घ्यावा. पुस्तकेही ऐकवतो, मुद्रणही करतो आणि बोलतोही.

गोदातीर
पुस्तकांचा प्रश्न मी विचारलेला नाही, आणि नवे यंत्र घेणेही शक्य नाही.

सिडकोवासी
नवे घ्यायचे नसले तरी इतर वाचकांसाठी नोंद: झूमची २०२४ मध्ये आलेली ‘एसेन्शियल’ मालिका मेनू बोलून दाखवते, आणि ३२-बिट फ्लोट (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही सामावून घेणाऱ्या) मुद्रणामुळे पातळी जुळवण्याची कटकटही नाही.

गोदातीर
चाचणी केली. ‘एक दाब’ कुठेच नाही, ‘दोन दाब’ आहे. आता मेनूचे सांगा. भाच्याने स्वयंचलित पातळी (यंत्राने आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय) सुरू ठेवली असावी. वक्ता थांबला की मागचा गोंगाट फुगतो आणि टाळ्यांनंतर पुढची दोन वाक्ये दबून येतात.

देवळालीचा_तबलजी
ती बंदच करावी. तबल्याचे ती फार हाल करते. मेनू आपण पाठ करावा लागतो, पण आधी तो शेवटी अडतो की फिरून पहिल्या नोंदीवर येतो, हे एकदा डोळसाकडून समजून घ्या. अडत असेल तर वरचे बटण भरपूर वेळा दाबून माथ्यावर जावे आणि तिथून खाली मोजत यावे. फिरत असेल तर आपण कुठे आहोत, हे मोजूनही कळत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे आणि मुख्य पडद्यापासून मोजणी सुरू करावी. तारीख, मुद्रणाचा प्रकार आणि पातळी एकाच बैठकीत लावून घेऊन नंतर मेनूकडे फिरकू नये. साध्या सीडी दर्जाच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, त्यामुळे ३२ जीबीचे कार्ड संपूर्ण मालेला बहुधा पुरेल.

निफाडकर
फोनमध्ये यातले काहीच पाठ करावे लागत नाही, एवढेच नम्रपणे पुन्हा नमूद करतो.

गोदातीर
भाचा रविवारी येणार आहे. तोवर एवढेच सांगा: चालू-बंद करण्याची पट्टी उलट्या बाजूला सरकवली की सगळी बटणे मुकी का होतात?

देवळालीचा_तबलजी
ती बाजू बटणांच्या कुलपाची आहे. मुद्रण सुरू झाल्यावर पट्टी मुद्दाम तिकडेच सरकवा, म्हणजे पिशवीत बटण दाबले जाऊन मुद्रण थांबणार नाही.