सहाव्या आठवड्यात प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी: हवी की नको?

अस्थिबंध:
मूल चालायला लागलं, लंगडतंय म्हणून दाखवायला आणलं, आणि एक्स-रेत मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर वर सरकलेला. खुब्याची वाटी उथळ किंवा गोळा निखळलेला, हा बाळपणीचा दोष असा उशिरा सापडणं आपल्याकडे अजून नेहमीचं आहे. हाच खुबा दोन महिन्यांच्या आत सापडला तर बहुतेक वेळा पॅव्हलिक हार्नेसच्या, म्हणजे मांड्या वाकवून फाकलेल्या ठेवणाऱ्या, पट्ट्यांवर भागतं. दीड वर्षानंतर सापडला तर सांधा उघडून गोळा बसवायचा, अनेकदा कमरेचं हाड कापून वाटीचं छत खाली आणायचं, आणि वर छातीपासून पायापर्यंत प्लास्टर.

ऑस्ट्रियाने 1992 पासून आणि जर्मनीने 1996 पासून प्रत्येक बाळाची ग्राफ पद्धतीने, म्हणजे वाटीचे कोन मोजून, सोनोग्राफी सुरू केली. तिथे मोठ्या शस्त्रक्रिया कमी झाल्या. इंग्लंडने निवडक बाळांचीच सोनोग्राफी करायचं धोरण ठेवलं: पायाळू बाळ, घरात कुणाला हा दोष, किंवा हाताने तपासताना संशय. तिथल्या 1990 ते 2016 च्या राष्ट्रीय आकडेवारीत वयाच्या पहिल्या वर्षानंतर निदान झालेल्या मुलांचं प्रमाण हजारी 1.28 आहे, आणि एवढ्या वर्षांत ते खाली आलेलं नाही. कारण उघड आहे. या दोषाच्या बहुतेक बाळांत मुलगी असणं सोडलं तर धोक्याची कुठलीच खूण नसते.

पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या डोसाला, म्हणजे सहाव्या आठवड्यात, बाळ आपण होऊन आपल्या दारात येतं. त्याच दिवशी दोन्ही खुबे पाहून घ्यावेत, असं माझं मत आहे.

नवजात कक्ष:
विरोध. ऑस्ट्रियाचे आकडे आधीचे आणि नंतरचे आहेत, तुलनेला दुसरा गट नाही. चिठ्ठ्या टाकून किंवा तत्सम पद्धतीने गट पाडलेले मोठे अभ्यास दोनच, दोन्ही नॉर्वेचे.

बर्गेनचा 1994 चा अभ्यास 11,925 नवजात बाळांचा होता. उशिरा सापडलेले खुबे सगळ्यांची सोनोग्राफी केलेल्या गटात हजारी 0.3, निवडक गटात 0.7 आणि नुसत्या हाताच्या तपासणीत 1.3. उपचार मिळालेली बाळं अनुक्रमे 3.4, 2.0 आणि 1.8 टक्के. म्हणजे निवडक सोडून सरसकटकडे गेलात की हजारामागे 14 बाळं जास्तीची पट्ट्यात जातात आणि 0.4 खुबे वाचतात. एका खुब्यामागे 35 बाळं! शिवाय उशिरा सापडलेल्यांतला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ट्रोंडहाइमचा 2002 चा अभ्यास 15,529 बाळांचा. सरसकट गटात उशिरा सापडलेलं 1, निवडक गटात 5. तिथेही तेच.

आणि पट्टे निरुपद्रवी नसतात. पुढचा पट्टा फार ओढला आणि मांडी 120 अंशांच्या पुढे वाकली की मांडीची नस दबते, बाळ गुडघा सरळ करेनासं होतं. पाय जबरदस्तीने फाकवले तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. निरोगी खुब्याचं असं नुकसान कुणाच्या खात्यावर टाकायचं?

अस्थिबंध:
आकडे बरोबर, पण ते अभ्यास जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या सोनोग्राफीचे आहेत. त्या वयात वाटी कच्चीच असते. अल्फा कोन (वाटी जितकी खोल तितका मोठा) 50 ते 59, ग्राफचा दोन-अ प्रकार, यातले बहुसंख्य खुबे काही न करता 60 च्या वर जातात. सहाव्या आठवड्यापर्यंत हा गाळ बराच खाली बसलेला असतो. म्हणून मी जन्माचा दिवस धरत नाही.

दुसरं, दिसलं की बांधा असं कोण म्हणतंय? बर्गेनच्याच गटाने 2010 साली 128 नवजात बाळांचा अभ्यास छापला. सौम्य दोष, कोन 43 ते 49, गोळा जागेवर. निम्म्यांना लगेच उपचार, निम्म्यांवर सोनोग्राफीने नजर. नजरेखालच्या गटात पुढे 47 टक्क्यांनाच उपचार लागला, आणि वर्षाच्या एक्स-रेत दोन्ही गटांच्या वाट्या सारख्या. तेव्हा तुमचे 35 आहेत ते सोनोग्राफीमुळे नाहीत, घाईमुळे आहेत.

सोनोग्राफीवाले:
दोघेही कोन हातात आयता मिळतो असं धरून बोलताय. बाळ कुशीवर, शक्यतो पाळण्यासारख्या आधारात, पोट भरलेलं. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग, रेषीय, खुब्यावर उभा. चित्र मोजण्यालायक ठरायला तीन गोष्टी एकाच चौकटीत हव्यात: वाटीच्या तळाशी कमरेच्या हाडाचं टोक, वाटीचं छत जिथे कापलं गेलंय त्याच्या वर हाडाची सरळ उभी रेघ, आणि वाटीच्या कडेची मऊ गादी. एक जरी नसली तरी कोन मोजूच नये. प्रोब थोडा तिरका झाला की निरोगी खुबा कच्चा दिसतो. त्या एका चुकीवर बाळ तीन महिने पट्ट्यात राहू शकतं. पोटाच्या सोनोग्राफीत मुरलेल्या हातालाही हे वेगळं शिकावं लागतं.

आणि कायदा विसरू नका. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यात यंत्र नोंदलेल्या जागेला बांधलेलं असतं. 2012 पासून पोर्टेबल यंत्रही नोंदणीच्या आवाराबाहेर नेता येत नाही, अपवाद नोंदलेल्या फिरत्या दवाखान्याचा. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी यंत्र घेऊन जाऊ, ही कल्पना तिथेच अडते.

हिशेबही करू. राज्यात वर्षाला 18 लाख जन्म धरा, बाळामागे 10 मिनिटं. तीन लाख तास. एक यंत्र दिवसाला 6 तास, वर्षाला 300 दिवस चाललं तर 1,800 तास. म्हणजे फक्त याच कामाला 167 यंत्रं.

अस्थिबंध:
36 जिल्ह्यांत 167. जिल्ह्याला पाचसुद्धा नाहीत. मला हा आकडा आटोक्यातला वाटतो. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत नोंदलेली यंत्रं आहेतच.

वाडीवरचा दवाखाना:
यंत्रं आटोक्यात असतील, माणसं कुठून आणणार? आणि यंत्राच्या आधी फुकटातल्या दोन गोष्टी करून झाल्यात का?

पहिली, दुपटं. बाळाचे पाय सरळ जोडून घट्ट गुंडाळायची आणि न्हाऊ घालताना पाय धरून ताणायची पद्धत अजून जोरात आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकात पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली. 1965 पूर्वी तिथे हा दोष 1.1 ते 3.5 टक्के होता, पुढे 0.2 टक्क्यांच्या खाली आला. पिल्लू उंदरांचे पाय सरळ बांधून पाहिलेल्या प्रयोगातही लवकर आणि जास्त दिवस बांधलेल्यांचे खुबे जास्त बिघडले. दोषाच्या बिया आनुवंशिक असतातच, जीडीएफ-5 जनुकाचा संबंध चीन आणि ब्रिटनच्या दोन्ही अभ्यासांत दिसलाय, पण जनुक आपल्याला बदलता येत नाही, दुपटं येतं. हात गुंडाळा, कमरेखाली सैल सोडा, गुडघे वाकून फाकतील एवढी जागा ठेवा. बाळंतिणीच्या घरी आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. तिसऱ्या दिवशीच्या भेटीत हे करून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी, हाताची तपासणी. बाळ रडत असेल तर ऑर्टोलानी, म्हणजे निखळलेला गोळा आत बसतो का ते पाहायची तपासणी, करूच नका, स्नायू आवळलेले असतात. कडक टेबल, एका वेळी एकच खुबा, अंगठा मांडीच्या आत, मधलं बोट बाहेरच्या हाडावर. मांडी हळू फाकवत बोटाने वर उचला. गोळा आत शिरताना हाताला धक्का जाणवतो. नुसता टिक असा आवाज म्हणजे दोष नव्हे. तीन महिन्यांनंतर सांधा आखडतो आणि ही खूण जाते. मग मांडी किती फाकते तेच पाहायचं. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच आखडलेल्या, म्हणून फरक दिसत नाही, आणि तीच मुलं सुटतात. दोन्हीकडे 60 अंशांच्या आत अडलं तर पुढे पाठवा.

नवजात कक्ष:
या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या 30 आजारांच्या यादीत हा दोष आहेच. कागद तयार आहे, बोटं तयार नाहीत.

अस्थिबंध:
बोटं कितीही तयार केली तरी गोळा जागेवर आणि वाटी उथळ, असा खुबा हाताला लागत नाही. तोच पुढे तिशीत-चाळिशीत झिजू शकतो.

नवजात कक्ष:
म्हणूनच आधी चाचणी घ्या. 10-12 तालुके निवडा. सगळीकडे दुपट्याचं शिक्षण आणि हाताची तपासणी सारखी. चिठ्ठी टाकून निम्म्यांत सहाव्या आठवड्याची सरसकट सोनोग्राफी, उरलेल्यांत पायाळू, घरात दोष आणि संशयित एवढीच. यश अल्फा कोनावर मोजायचं नाही, कारण एका गटात तो सगळ्यांचा मोजलेलाच नसेल. 18 महिन्यांपर्यंत किती खुबे निखळलेले सापडले आणि कितींना शस्त्रक्रिया लागली ते मोजा. पट्ट्यातल्या प्रत्येक बाळाच्या नसेची आणि गोळ्याच्या रक्तपुरवठ्याची नोंद त्याच तक्त्यात ठेवा.

सोनोग्राफीवाले:
एक अट घाला. प्रत्येक चित्र साठवायचं आणि केंद्राबाहेरच्या दुसऱ्या माणसाने गट न कळता पुन्हा मोजायचं. आणि निखळलेल्या खुब्यासाठी बांधलेला पट्टा तीन आठवड्यांत गोळा बसला नाही तर काढायचा, हे आधीच लिहून ठेवा. न बसलेल्या गोळ्यावर पट्टा चालू ठेवला तर तो वाटीची मागची कड झिजवतो, आणि मग पुढची शस्त्रक्रियाही अवघड होते.

अस्थिबंध:
दोन्ही अटी मान्य. पण 10-12 तालुके अपुरे पडू शकतील. दोष हजारी एक-दोन असेल तर गटामागे निदान 20-25 हजार बाळं हवीत, नाहीतर आपणही ट्रोंडहाइमसारखेच एक विरुद्ध पाच घेऊन वाद घालत बसू.