मदत हवी आहे : कोलोफॉन भुंगेऱ्यांचा नकाशा

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या कोलोफॉन या प्रजातीतील भुंगेऱ्यांचा नकाशा बनवते आहे. हे स्टॅग बीटल उडू शकत नाहीत, आणि त्यांच्या बहुतेक जाती एकेका पर्वताच्या माथ्यापुरत्या उरल्या आहेत. १८३२ साली वर्णन झालेली वेस्टवुडाय ही जात टेबल माउंटनच्या परिसरात, तर प्रिमोसाय ही जात स्वार्टबर्ग रांगेत. मधल्या कोरड्या, उष्ण दऱ्या ओलांडणं त्यांना जमतच नाही. मला तर हे सगळे डोंगर म्हणजे या भुंगेऱ्यांसाठी एक द्वीपसमूहच वाटते.

अडचण अशी, की जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर अनेकदा फक्त डोंगराचं नाव असतं. तिथे एक ठिपका देणं मला पटत नाही. त्याऐवजी ठराविक उंचीच्या वरचा सगळा भाग रंगवावा का? मग उंचीची मर्यादा कशी ठरवायची? दक्षिण उतार जास्त थंड आणि ओला, त्यामुळे नुसती उंची पुरेशी नाही असं वाटतं.

शिवाय संग्राहकांच्या हावेमुळे या प्रजातीची चोरटी शिकार होते. ही प्रजाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) तिसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून अचूक जागा मला मुळीच दाखवायच्या नाहीत. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असं काम कुणी केलं असेल, किंवा केपटाऊनकडे राहणारं कुणी हे डोंगर चढलं असेल, तर कृपया सांगा.