जुनी डीडीआर४ रॅम नव्या मदरबोर्डवर वापरावी का?

प्रश्न (सातवी_पिढी):
माझ्या संगणकात इंटेल कोअर आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-२४०० स्टिक्स आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही, म्हणून प्रोसेसर व बोर्ड बदलायचे ठरवले आहे. काम मुख्यतः मराठी पुस्तकांच्या मांडणीचे आणि फोटोंचे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पिना २८८च असतात असे वाचले. मग माझ्या स्टिक्स कोणत्याही नव्या बोर्डवर चालतील का?

डाखकाम:
पिनांच्या संख्येवर जाऊ नका. डीडीआर५ मध्ये मधली खाच सरकवलेली आहे, व्होल्टेज १.२ ऐवजी १.१ आहे आणि वीजनियंत्रणाची चिप स्टिकवरच बसवलेली आहे, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. जोर लावलात तर स्लॉट मात्र तुटेल. रॅम कोणती चालणार हे प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी व्यवहार करणारा भाग) आणि बोर्डवरील स्लॉट हे दोघे मिळून ठरवतात. एएमडीचे एएम५ सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खाचेचे) बोर्ड आणि इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर केवळ डीडीआर५ घेतात, तेव्हा ते तुमच्या यादीतून गेले. उरतात दोन वाटा: एएमडीचे जुने सॉकेट एएम४, किंवा इंटेलची बारावी ते चौदावी पिढी. या तीन पिढ्यांतील डेस्कटॉप प्रोसेसर सामान्यतः दोन्ही प्रकार ओळखतात, पण बोर्ड बहुधा एकाच प्रकारासाठी बनवलेला असतो. या पिढ्यांसाठीच्या बी६६० आणि बी७६० चिपसेटचे दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात असल्यामुळे खोक्यावरचे नाव आणि तपशील पैसे देण्यापूर्वी वाचावेत.

रात्रपाळी:
एएम४ वर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या असे तुम्हाला अनेक जण सांगतील, परंतु त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे कार्ड नसल्याने पडद्यावर काहीच दिसणार नाही. शिवाय रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतील दुवा, ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, सहसा रॅमच्या घड्याळाशी (ते रॅमवरील आकड्याच्या निम्मे असते) जुळवून चालतो: ३२०० च्या रॅमवर तो १६०० मेगाहर्ट्झवर, तर तुमच्या २४०० च्या रॅमवर १२०० वर येईल. पुस्तकांच्या मांडणीत हा फरक जाणवणार नाही, गेममध्ये मात्र जाणवतो. माझ्या मते आय५-१२४०० आणि डीडीआर४ चा बी६६० बोर्ड घ्यावा. नावापुढे ‘एफ’ असलेला १२४०० स्वस्त दिसतो, पण त्यातही ग्राफिक्स नाही.

सातवी_पिढी:
धन्यवाद, ग्राफिक्सचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पुढे ३२०० ची १६ जीबीची जोडी घेऊन याच स्टिक्ससोबत लावली तर?

डाखकाम:
चालण्याची शक्यता आहे, पण चारही स्टिक्स सर्वांत मंद स्टिकच्या वेगाने, म्हणजे २४०० वर धावतील आणि वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातील. वेगवेगळ्या जोड्या कधीकधी एकमेकींशी पटवूनही घेत नाहीत. अधिक रॅम हवीच असेल तर जुनी जोडी काढून एकच नवी जोडी लावावी. तूर्त १६ जीबी पुरत असेल तर काहीच घेऊ नका, आणि जुन्या स्टिक्स एकदा रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासून घ्या.

सातवी_पिढी:
आय५-१२४०० आणि चार स्लॉटांचा बी६६० बोर्ड बसवला. पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला आणि मी धास्तावलो, पण बोर्ड तेवढ्यात रॅमची जुळवणी करत होता. रॅम २४०० वर चालते आहे आणि मेमटेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही. फक्त, दोन्ही स्टिक्स मी शेजारशेजारच्या स्लॉटांत लावल्यामुळे बायोस (बोर्डचा सेटिंगचा पडदा) सिंगल चॅनल, म्हणजे रॅमकडे एकच मार्ग, दाखवत होता. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्यावर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन मार्ग, झाले.