विज्ञान शिकून उपकरण बनवावे, की उपकरण बनवता बनवता विज्ञान शिकावे?

कुतूहल:
मातीतला ओलावा मोजणारे उपकरण विद्यार्थ्यांनी स्वतः घडवावे, असा प्रकल्प मी घेतला. दोन खिळे मातीत रोवून त्यांतून वीजप्रवाह सोडायचा आणि रोध मोजायचा (माती जितकी ओली, तितका रोध कमी), एवढीच रचना. काही दिवसांतच आकडे भरकटले, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने विद्युत अपघटन (प्रवाहामुळे घडणारी रासायनिक क्रिया) होऊन धन टोकाचा खिळा झिजला होता. पुढे सारखेच पाणी घातलेल्या दोन कुंड्यांपैकी खताची कुंडी अधिक ओली दिसू लागली. क्षारांमुळे वाहकता वाढते, पण त्याच क्षारांमुळे मुळांना पाणी शोषणे अवघड जाते; म्हणजे उपकरण ‘ओले’ म्हणत असताना रोप तहानलेले असू शकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अशा तीन स्वतंत्र तासिकांत हा पेच उभाच राहिला नसता.

खडूफळा:
पेच उभा राहिला, पण तो ओळखला कोणी? अपघटन आधीपासून माहीत असलेल्या शिक्षकाने. नवशिक्याची कार्यस्मृती (एका वेळी मनात धरून हाताळता येणारी माहिती) मर्यादित असते, म्हणून त्याला अल्प मार्गदर्शनावर सोडणे कुचकामी ठरते, असे कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणविषयक संशोधकांनी 2006 मध्ये मांडले होते. शिवाय गटात ज्याला तारांना डाग देता येतो (सोल्डरिंग जमते) तोच डाग देत राहतो आणि उरलेले अहवालाचे मुखपृष्ठ रंगवतात.

कुतूहल:
मुखपृष्ठाचा टोला मान्य. पुढच्या वेळी कामे आलटून-पालटून देईन. परंतु समस्याधारित अध्यापनात (समस्या सोडवता सोडवता शिकवण्यात) मार्गदर्शन नसते हे गृहीतकच चुकीचे आहे, असे उत्तर मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन या संशोधकांनी 2007 मध्ये दिले होते. ‘एकच खिळा का झिजला?’ हा प्रश्न मुलांनी विचारला. मी अपघटनाचे नाव त्यानंतर सांगितले.

तिसरा बाक:
मोजमापाच्या क्षणापुरताच प्रवाह सोडला की झीज पुष्कळ कमी होते. मुलांनी एवढी दुरुस्ती केली आणि उपकरण चालू लागले, तर कारण कळले असे समजायचे का? चालणारे उपकरण अज्ञान झाकूनही टाकते.

खडूफळा:
नेमके हेच. पाण्यातल्या लोखंडाला जस्ताचा तुकडा जोडला तर लोखंड का वाचते, हे त्याच मुलांना कागदावर विचारावे. तेथे बाहेरून प्रवाह सोडलेला नसतो, त्यामुळे पाठ केलेली दुरुस्ती कामी येणार नाही. समाधानकारक उत्तरे आली, तर मी माझा आक्षेप मागे घेईन.

कुतूहल:
प्रश्न उत्तम आहे. मात्र कागदाबरोबर मी मिठाचे पाणी, खिळा आणि जस्तही देईन.

खडूफळा:
आधी कागद, मग जस्त. हा क्रम उलटला, तर माझी अट पाळली गेली असे मी मानणार नाही.